दिवे लागायच्या आधी

शर्टाची इस्त्री झाल्यावर सोमाने लाईट बिलालाही इस्त्री केली. घडी जिरावी म्हणून वर रुमाल अंथरला, हात हलका ठेवला आणि कागदाची चारही टोकं नीट बसवली.

मोरीत भांडी विसळता विसळता कौसल्या ते बघत होती.

"इस्त्रीला लाईट लागते," ती म्हणाली.

"लागू दे. कॅमेऱ्यात चुरगळलेलं दिसलं तर लोक म्हणतील, जुनं हाय."

बिल जुनं नव्हतं. चारच दिवसांपूर्वी आलं होतं आणि आल्या दिवशीच गाजलं होतं. शेलार गावातल्या त्यांच्या गल्लीत बिलं सगळ्यांचीच वाढली होती. पण सोमाचं अठ्ठावीसशे होतं, आणि दोन खोल्या, दोन पंखे, एक फ्रिज एवढ्या भांडवलावर ते दुसऱ्या कुणाला जमलं नव्हतं. आयुष्यभर गोडाऊनमध्ये दुसऱ्यांचे खोके मोजणाऱ्या सोमाला पहिल्यांदाच कशात तरी पहिला नंबर मिळाला होता. नाक्यावर लोक त्याला थांबवून बिल बघत, फोटो काढत, हळहळत. हळहळून झालं की चहा पाजत. पहिल्या दिवशी तो खरोखर हादरला होता. आता मात्र कुणी "आमचं तीन हजार आलं" म्हटलं असतं, तर त्याला जरा वाईटच वाटलं असतं.

निवडणूक दाराशी आल्यामुळे लाईट बिलाला बरे दिवस आले होते. एकाने शंभर युनिट फुकट म्हटलं की दुसरा दोनशे म्हणे. नवा मीटर जोरात पळतो, असं एक बाजू सांगत होती. दुसरी म्हणे, मीटर जागेवर आहे, तुमचे पंखेच जोरात पळतात. आज पाच वाजता बुद्धविहारासमोरच्या पटांगणात 'खणखणीत न्यूज' नावाच्या मोबाईलवरच्या चॅनेलने दोन्ही बाजूंना समोरासमोर बसवलं होतं. सोमाला 'पीडित ग्राहक' म्हणून बोलावणं होतं.

"तू पण साडी बदल," सोमा म्हणाला. "मनोज सांगत होता, घरची बाई शेजारी उभी असली की बिल जास्त वाटतं."

मनोज म्हणजे त्या चॅनेलचा मालक, बातमीदार आणि कॅमेरा. कौसल्याने हात पुसले आणि खिडकीतून समोरच्या भिंतीवरचं ऊन बघितलं. मग मोरीतल्या बोर्डाकडे.

बोर्डावर चार बटणं होती. पहिलं मोरीच्या दिव्याचं, दुसरं मिक्सरचं, तिसरं कशाचंच नाही. चौथ्यातून एक काळी वायर निघून खिडकीच्या कोपऱ्यातून बाहेर पडत होती, पत्र्याखालून सरकत भिंतीपलीकडच्या तानीच्या खोलीत उतरत होती आणि तिथे एक बल्ब आणि एक टेबलफॅन चालवत होती.

तानी आणि तिचा नवरा जान्या अंबाडीच्या पलीकडच्या डोंगरातल्या पाड्यावरचे. बांधकामावर काम मिळालं म्हणून खाली उतरले, आणि गेल्या दिवाळीच्या सुमाराला जान्या परांचीवरून पडला. हाड जुळलं, पण माणूस अजून उठला नव्हता. वर तापलेला पत्रा आणि खाली पडून असलेला माणूस, याला पंखा लागतो, हे निजामपुऱ्यात एका दवाखान्यात आयाचं काम करणाऱ्या कौसल्याला कुणी सांगायला नको होतं. तानीने स्वतःचा मीटर मागून बघितला होता. घरपट्टीची पावती नाही म्हणून मीटर मिळेना. घरपट्टी लावायला गेली, तर तिथे पत्त्याचा पुरावा म्हणून लाईट बिल मागितलं.

आपल्या मीटरवरची लाईट दुसऱ्याच्या घरात गेली, की कंपनीच्या लेखी तो गुन्हा. दंड बसतो, वर जोडणी कापतात. म्हणून सकाळपासून, कंपनीची माणसं गल्लीतून फिरतात त्या वेळात, चौथं बटण बंद असे. दुपारी दवाखान्यातून आली की कौसल्या चप्पल काढायच्या आधी ते दाबी. त्यामुळे चारच्या रणरणत्या उन्हात तानीकडे बल्ब लागलेला असे. तो तानीचा नियम होता. वायर ओढली त्या दिवशीच तिने कौसल्याचा हात धरून सांगितलं होतं.

"बाय, देयाची तं दिवं लागायच्या आधी दे. तिन्हीसांजंला कुनाच्या घरातून काय घेयाचा न्हाय. मीठ न्हाय, विरजन न्हाय, इस्तू न्हाय. घेतला तं देनाऱ्याच्या घरातला जातं."

"आमच्यात मानत नाय हे," कौसल्या म्हणाली होती.

"आमच्यात मानतात. घेनारी मी हाय."



वायर ओढल्यानंतरचं पहिलं बिल आलं तेव्हा कौसल्याला कळलं, की शंभर युनिटांपर्यंत लाईट चालत येते आणि त्यापुढे रिक्षा करून येते. तानीने विचारलं, तेव्हा तिने "नेहमीएवढंच" म्हणून सांगितलं. तानीने विश्वास ठेवला आणि पानाच्या द्रोणातून करवंदं आणून दिली.

राहता राहिला सोमा. त्याला हे ठाऊक होतं की नाही, हे कौसल्याला ठाऊक नव्हतं. दुपारी तो सेकंड शिफ्टला जाई, रात्री येई, जेवून झोपे. रविवारी तो घरी असला, की तो नाक्यावर निघेपर्यंत ती थांबे आणि मग बटण दाबी. त्याने कधी विचारलं नाही. आणि विचारलं नाही ते सांगायचं नाही, या बोलीवर दोघांचा संसार आजवर चांगला चालला होता. नाही म्हणायला, थंडीत एकदा त्याने मोरीतला, त्या काळ्या वायरीलगतचा टॉवेलचा खिळा उपटून दाराशी ठोकला होता. का, ते तिनेही विचारलं नव्हतं.

आज रविवार होता, आणि सोमा नाक्यावर जायच्याऐवजी मोरीच्या दारात उभा राहून भांग पाडत होता.

"आटप की. पाचला सुरू हाय."

पाचला सुरू होईल, सहाला संपेल, दिवे लागायच्या आत आपण परत, असा हिशोब करून कौसल्या निघाली.

केसरीनाथशेठ सहाला आले. ते सत्तेतल्या बाजूने बोलणार होते. विरोधातल्या बाजूचा दौलत पाऊण तास आधीच येऊन खुर्ची पकडून बसला होता. मागच्या निवडणुकीला दोघे एकाच पक्षात होते, त्यामुळे एकमेकांचे मुद्दे दोघांनाही पाठ होते. समोर खुर्च्यांवर पुरुष, कडेला बायका, आणि त्यांच्याही मागे हातात वडापाव घेतलेली तानी. कौसल्याला बघून ती हसली.

माईक आणि चार मोठे दिवे पटांगणामागच्या खांबावरून चालले होते. मंडपवाल्याने वायरचं टोक वाकवून खांबावरच्या तारेला अडकवलं होतं. त्याला शेलारात आकडा म्हणतात. स्टेजवर मात्र वेगळ्या आकड्यांचा विषय होता.

"माझ्याकडे आकडे आहेत," केसरीनाथशेठनी सुरुवात केली. "आमच्या काळात दर किती वाढले आणि यांच्या काळात किती, सगळे आकडे आहेत."

"आकडे आमच्याकडे पण आहेत," दौलत म्हणाला. "आज सगळे आकडे बाहेर काढतो."

मंडपवाल्याने खांबाकडे एकदा बघितलं आणि तो थोडा आडोशाला सरकला.

दोघांचे आकडे एकमेकांना लागेनात, तेव्हा मनोजने सोमाला स्टेजवर घेतलं आणि कौसल्याला त्याच्या शेजारी उभं केलं. सोमाने बिल छातीशी धरलं. इस्त्रीचं चीज झालं होतं. पांढरं स्वच्छ बिल दिव्यात चमकत होतं.

"सोमाभाई, हमारा भी बोलना," मागून कुणी यंत्रमागवाला ओरडला.

"प्रेक्षकहो, हा आकडा बघा," मनोज माईकमध्ये म्हणाला. "सोमाभाऊंच्या घरात हा आकडा आला कुठून? या आकड्याच्या मागे कोण आहे? आज या शेलारमध्ये आपण हा आकडा उघडा पाडल्याशिवाय राहणार नाही."

टाळ्या पडल्या. कौसल्याने सहज बायकांच्या मागे बघितलं. तानीचा वडापाव तोंडाशी थांबला होता. थोड्या वेळाने तिने पुन्हा बघितलं, तर तानी जागेवर नव्हती. जान्याला बघायला गेली असेल, असं तिला वाटलं.

"हे बिल म्हणजे दरोडा आहे," दौलतने माईक घेतला. "दोन खोल्यांत अठ्ठावीसशे? मीटर खोटा आहे. मी इथे जाहीर करतो, उद्या सकाळी आम्ही कंपनीच्या माणसांना घेऊन या माऊलीच्या घरी जाणार. मीटर, वायरिंग, बोर्ड, एकेक बटण कॅमेऱ्यासमोर तपासून घेणार."

केसरीनाथशेठना उद्यावर समाधान नव्हतं.

"उद्या कशाला? आम्ही बोलघेवडे नाही. आत्ता फोन करतो, आत्ता माणूस येईल. चला सगळे घरी. दूध का दूध होऊन जाऊ दे."

त्यांनी खरंच फोन काढला. खुर्च्यांवरची माणसं उठायला लागली. फुकटात कुणाच्या घरची मोरी बघायला मिळत असेल तर कोण सोडतो?

कौसल्याने सोमाकडे बघितलं. त्याने बिल खाली घेतलं होतं. घडी घातली, पुन्हा घडी घातली, आणि मग कितीदा तरी तिच्यावरून अंगठा फिरवत राहिला.

मनोजने माईक तिच्यापुढे धरला.

"ताई, तुमच्या दारात आज न्याय येतोय. काय वाटतं?"

"बिल बरोबर हाय," कौसल्या म्हणाली.

मनोजला वाटलं, माईक बंद आहे. त्याने टिचकी मारून बघितली.

"म्हणजे?"

"जेवढी लाईट जाळली तेवढं आलं. मीटर खोटा नाय. कुणी यायची गरज नाय."

"पण ताई, दोन खोल्यांत एवढी लाईट जाळता कशाला?"

"अंधार पडतो," कौसल्या म्हणाली.

बायकांमध्ये हसू फुटलं. केसरीनाथशेठनी फोन खिशात टाकला आणि ते उभे राहिले.

"ऐकलंत? जनता स्वतः सांगते, बिल बरोबर आहे."

"मी हिशोब बरोबर हाय म्हटलं," कौसल्या म्हणाली. माईक अजून तिच्याच पुढे होता. "दर बरोबर हाय, असं नाय म्हटलं. दवाखान्यात डॉक्टर फी सांगतो, ती पण बरोबरच असते. तरी माणूस औषध न घेताच घरी जाऊन बसतो."

आता ती दौलतच्याही कामाची राहिली नव्हती आणि केसरीनाथशेठच्याही. ताईंवर दबाव आहे, असं एक म्हणाला. ताईंना फूस आहे, असं दुसरा. मनोज म्हणाला, इथे एक छोटा ब्रेक घेऊया. मोबाईलवरच्या चॅनेलला ब्रेक नसतो, पण तेवढ्यापुरता त्याने घेतला.

घरी येताना सोमा दोन पावलं पुढे चालत होता. पानटपरीवरून कुणीतरी आवाज दिला.

"काय सोमाशेठ, बायकोने मीटरच बंद केला तुमचा."

सोमा चालत राहिला. कालपर्यंत तिथे त्याला चहा मिळत होता. कौसल्याला त्याची पाठ दिसत होती, इस्त्रीचा शर्ट घामाने चिकटलेला. काहीतरी बोलावं असं तिला वाटलं. पण जे बोलायचं होतं ते सुरू कुठून करायचं, हे तिला कळेना. यंत्रमागांची खडखड चालूच होती. एकेका दारात दिवे लागत होते. कुणाच्या घरी टीव्हीचा निळा उजेड होता. त्यांच्या दाराअलीकडची तानीची खोली तेवढी अंधारात होती. आज बटण दाबलंच नव्हतं.

कौसल्या भरभर पुढे गेली आणि पायरीशी थांबली.

पायरीवर काळ्या वायरचं भेंडोळं होतं, सुतळीने नीट बांधलेलं. तिचं एक टोक अजून मोरीच्या खिडकीत गेलेलं होतं, दुसऱ्या टोकाला रिकामा होल्डर. भेंडोळ्याच्या मधोमध बल्ब ठेवला होता, घरट्यात अंडं ठेवावं तसा.

तानी आपल्या उंबऱ्यावर बसली होती. आतून पुठ्ठ्याने वारा घातल्याचा आवाज येत होता. जान्या स्वतःच घालून घेत होता.

"हे काय गं?" कौसल्याने विचारलं.

"काढून ठेवली, बाय. सापडला ना."

"काय सापडलं?"

"आकडा." तानी सोमाकडे बघत नव्हती. "तो पोऱ्या माईकवर बोलला ना, सोमाभाऊच्या घरात आकडा हाय, मागं कोन हाय, उघडा पाडतो. मी तशीच पलत आलू. ते येयाच्या आत सगला काढला. बल्ब पन पुसलाय."

कौसल्याला हसू यायला हवं होतं. ती पायरीवर टेकली.

"अगं, तो आकडा नाय. बिलाचा आकडा. बिल किती आलं, तो आकडा."

"बिलाचा?"

"हां."

तानीने त्यावर विचार केला. स्टेजवर दिव्यात चमकणारा तो पांढरा कागद आणि त्यासाठी जमलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली असावीत.

"म्हंजे तो पन आमचाच," ती म्हणाली.

 कौसल्याने भेंडोळ्याची सुतळी सोडायला घेतली.

"मी लावून देते परत."

"नको. दिवं लागलं. आता घेयाची न्हाय." मग जरा थांबून तानी म्हणाली, "उद्या पन नको."

आत पुठ्ठ्याचा आवाज थांबला. जान्याचा हात दुखला असावा, किंवा तो ऐकत असावा.

एवढा वेळ सोमा पायरीखाली उभा होता. आता तो पुढे झाला आणि भेंडोळ्याकडे बघत राहिला, गोडाऊनमध्ये फुटलेल्या खोक्याकडे बघायचा तसा.

"तानी," तो म्हणाला, "हे तू पायरीवर ठेवलंस कधी?"

"आताच. तुम्ही येयाच्या जरा आधी."

"दिवे लागले होते?"

तानीने समोरच्या घरांकडे बघितलं. खोटं बोलायला जागा नव्हती.

"व्हते."

"मग मी कसं घेऊ? तिन्हीसांजेला दिलेलं घेतलं तर देणाऱ्याच्या घरातलं जातं. आधीच तुझ्या घरात काय हाय."

"तुमच्यात मानत न्हायत," तानी म्हणाली.

"घेणारा मी हाय."

कौसल्याने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. सोमाचं तोंड तिकडे, वायरीकडे होतं.

"मला नाय चालत," तो म्हणाला. "जिथली तिथं ठेव."

तानी उंबऱ्यावरून उठली. तिला यात कुठेतरी खोट दिसत होती, पण ती सापडत नव्हती. नियम तिचाच होता. तिने आधी बल्ब उचलला, पदराआड धरला, आणि मग भेंडोळं. सोमाने चप्पल काढली, बादली पालथी घालून तिच्यावर चढला आणि पत्र्याखालून वायरचं टोक पलीकडे सरकवायला लागला. एका जागी वायर घासून सोललेली होती. तिथे त्याने बोट ठेवून बघितलं आणि "उद्या टेप आणतो" असं स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाला. भिंतीपलीकडून तानी "आला, आला" म्हणाली. जान्या तिला होल्डर कुठे टांगायचा ते सांगत होता.

सोमा खाली उतरला आणि हात झटकत घरात गेला. आत अंधार होता. निघताना घरातले सगळे दिवे बंद केले होते. पीडित ग्राहकाने ते करायलाच हवं, असं तोच म्हणाला होता.

"थांबा," कौसल्या पायरीवरून म्हणाली, "ते बटण..."

कुठलं, ते सांगायला ती उठून आत येत होती. तेवढ्यात मोरीतून एकच आवाज आला, एका बटणाचा. मोरीचा दिवा लागला नाही. मिक्सर फिरला नाही. भिंतीपलीकडे बल्ब लागला, आणि टेबलफॅनने आधी खरखर केली, मग तो नीट चालायला लागला.

कौसल्या दारात उभी राहिली. सोमा मोरीतून अंधारातच बाहेर आला. दाराशी खिळ्याला लावलेला टॉवेल घेऊन त्याने हात पुसले, खिशातून घड्या पडलेलं बिल काढलं आणि फ्रिजवर ठेवलं.

"रविवारी फार उशीर करतेस तू," तो म्हणाला. "मी घरात असलो तरी चारलाच लावत जा."